खांबांच्या चौकातली खुर्ची

२ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे! सामान म्हणजे तीन बॅगा, कॅमेऱ्याच्या दोन पेट्या, एक स्टँड आणि आईने निघता निघता भावाच्या माळ्यावरून काढलेलं एक पोचे आलेलं पातेलं. एवढं ओझं कशाला म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाली की तुझा कॅमेरा भात शिजवून देणार आहे का.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. खाली दिवसभर शिवणयंत्र घरघरतं, पण पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे. खिडकीत थेट ती टेकडी आणि टेकडीवर ते पडकं शहर. पिवळे दगड, अर्ध्यामुर्ध्या भिंती, मधोमध तग धरून राहिलेले खांब. मी बॅगा न उघडता तासभर बघत बसले. तेवढ्यात आई स्वयंपाकाची खोली धुऊन मोकळी झाली.

ही वही नवी आहे. या पडक्या शहराचे फोटो काढायचं काम चार महिन्यांचं आहे आणि रोज नाही तरी एक दिवसाआड चार ओळी लिहायच्या असं ठरवलं आहे. पहिल्या पानावर खरं काय ते लिहून टाकते. नोकरी चांगली आहे, पण मी ती घेतली आईला भावाच्या घरातून बाहेर काढायला. भाऊ वाईट नाही, वहिनी तर मुळीच नाही. पण चौदा वर्षं तिथे आई सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकते. एकोणसत्तर वर्षांची झाली, दोन्ही गुडघे गेले, तरी कोणी बस म्हटलं की "हे एवढं आवरते" म्हणून उभीच. या चार महिन्यांत मला आईला बसलेली पाहायचं आहे. बाकी काही नको.

३ ऑक्टोबर, मंगळवार

टेकडीखालच्या ऑफिसात हजर झाले. साहेब सज्जन वाटले. बोलताना सारखा चष्मा पुसतात आणि पुसून झाला की खिशात ठेवतात, डोळ्याला काही लावत नाहीत. एकशेबारा फोटोंचं मोठं पुस्तक निघणार आहे. अट एकच, पण ती त्यांनी तीनदा सांगितली: एकाही फोटोत माणूस नको. आठशे वर्षं ओस पडलेलं शहर ओसच दिसलं पाहिजे. आणि पर्यटक तर सकाळी नऊला फाटक उघडल्यापासून मुंग्यांसारखे लागलेले असतात. मी म्हटलं, काळजी सोडा, माझ्याकडे उपाय आहे.

मग वर जाऊन आले. पायऱ्यांचा रस्ता, कोरडा हौद, धान्याची कोठारं आणि सगळ्यात वर खांबांचा चौक. चोवीस खांबांपैकी एकोणीस उभे आहेत. छत कधीच गेलं, एका कोपऱ्यात दोन तुळया तेवढ्या शिल्लक, आणि त्यांच्याखाली असेल नसेल तेवढी सावली. एकट्या या चौकाचे साहेबांना वीस फोटो हवेत, वेगवेगळ्या उन्हातले. म्हणजे माझा मुक्काम तिथेच.

तिथला पहारेकरी हा एक नमुना आहे. साठीचा, काटकुळा, दिवसभर चौकात गोल फिरत "चला, चला, थांबू नका" करत असतो. ऑफिसातले त्याला चलाचलाच म्हणतात. जगभरचे पहारेकरी हात लावू नका म्हणतात, हा थांबू नका म्हणतो. कोणी खांबाला टेकलं की हा आलाच. मी स्टँड लावत होते तर मलाही म्हणाला, मॅडम, अधूनमधून जागा बदला. मला हसू आवरेना.

५ ऑक्टोबर, गुरुवार

उपाय लागू पडला! आईला समजावताना मलाच नीट समजला, म्हणून इथेही लिहून ठेवते. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि दर दहा सेकंदांनी एक असे तीस फोटो काढायचे. पाच मिनिटं लागतात. मग कॉम्प्युटर ते तीसही एकावर एक ठेवतो. जे बहुतेक फोटोंत त्याच जागी दिसतं ते राखतो, जे दोनचार फोटोंपुरतंच येतं ते काढून टाकतो. दगड हलत नाहीत म्हणून राहतात, माणसं हलतात म्हणून जातात. बहुमताचा कारभार. आज चौकात शाळेची सहल होती, एक नवं जोडपं होतं आणि एक भोकाड पसरलेलं पोर होतं. घरी येऊन तीसचा एक केला, तर चौक झाडूनपुसून ठेवल्यासारखा रिकामा.

आईने चष्मा लावून सगळं पाहिलं आणि म्हणाली, बरा आहे तुझा कॉम्प्युटर. राबणारी माणसं गायब आणि ऐतखाऊ तेवढे फोटोत.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज भांडण केलं आणि जिंकले.

आई आता रोज माझ्याबरोबर येते. मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे, ऑफिसची गाडी आम्हाला वर सोडते. तिला घरी एकटीला ठेवलं तर ती जिना घासते, शिंप्याची दोऱ्याची रिळं लावून देते, म्हणून मीच आणते. चौकात तुळयांच्या सावलीत एक बसकी पायरी आहे, तिथे ती टेकली. पाच मिनिटं झाली नसतील तोच चलाचला हजर. मावशी, उठा, जरा फिरा. आई लगेच उठली. थोड्या वेळाने पुन्हा टेकली, तो पुन्हा आला. असं चारदा झालं. पाचव्यांदा आई उठताना गुडघा धरून कळवळली आणि माझं डोकं फिरलं. मी तशीच खाली गेले आणि साहेबांना सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला बसू न देणारा हा कुठला नियम. साहेबांनी त्याला बोलावून माझ्यासमोर झापलं. असा नियमच नाही, म्हणाले. शिवाय ऑफिसातली हातांची एक खुर्ची गाडीत घालून पाठवली.

मी परत आले तेव्हा चलाचला फक्त एवढं म्हणाला की बसायचंच तर निदान हाताला काहीतरी चाळा असू द्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खुर्चीत आई किती छान दिसत होती.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आईने आज पिशवीतून शेंगा निवडायला आणल्या होत्या. मी पिशवीच काढून घेतली. म्हटलं, इथे तरी काम नको, नुसती बस, समोर बघ. रिकाम्या हातांनी बसवत नाही म्हणाली. तासाभराने जमलं तिला. दुपारी तर चहा घेतेस का म्हणून विचारलं तेही तिला ऐकू गेलं नाही.

गंमत म्हणजे ती फोटोच्या डाव्या कोपऱ्यात येते, आणि हलत नाही म्हणून कॉम्प्युटर तिला काढत नाही. सगळा गाव गेला, आई बहुमताने निवडून आली! साहेबांना तर माणूस नको. मग मी ब्रश घेऊन तिला हाताने पुसते, खुर्चीसकट, आणि तिथे बाजूच्या दगडाचा तुकडा डकवते. आज अशी चार फोटोंतून पुसली. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, पदर राहिला बघ.

११ ऑक्टोबर, बुधवार

आजच्या फोटोत आईशिवाय आणखी तिघं आहेत.

अकराच्या उन्हातला फोटो. तिघंही खांबांजवळ उभी. एका बाईचा हात खांबावर आहे, एक जण पायरीवर अंग चोरून बसलेला, तिसरं कोण ते कळत नाही. चेहरे नाण्यावरचे झिजतात तसे झिजलेले, कपडे दगडाच्याच रंगाचे. पहिल्यांदा वाटलं, असतील कोणी थांबलेले पर्यटक. पण चलाचला कोणाला थांबू देतो? म्हणून मूळचे तीस फोटो एकेक करून पाहिले. एकातही ती तिघं नाहीत. तिसांत कुठेच नाहीत आणि तिसांच्या मिळून एकात आहेत. हे असं होऊ शकत नाही. कुठेच नसलेल्याला बहुमत मिळणार कसं?

कॉम्प्युटर बिघडला असेल. आईला दाखवलं, तर तिने बराच वेळ पाहिलं. त्या बाईला बसायला जागा द्यायला हवी, म्हणाली, फार दमलेली दिसते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटर ठीक आहे. काल मुद्दाम हौद, कोठारं, पायऱ्या सगळीकडचे तीस-तीस काढून पाहिले. एकदम स्वच्छ. आज चौकात काढले, तर आता पाच जण आहेत. आणि परवा खांबाशी होती ती बाई दोन खांब सोडून डावीकडे आली आहे. आईच्या बाजूला.

साहेबांना दाखवलं. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. उन्हाचे खेळ असतात म्हणाले, जुन्या दगडांवर डाग असतात, तुम्ही आईंना पुसता तसंच हेही पुसून टाका. पुसले. दोन तास लागले.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज बरं लिहायचं आहे. आई सकाळी दहाला खुर्चीत बसली ती अडीचपर्यंत उठली नाही. एकदाही नाही. मी आनंदाने दोनदा लांबून बघून गेले. घरी आल्यावरही तिने भांड्यांना हात लावला नाही, खिडकीपाशी स्टुलावर बसून राहिली. स्वयंपाक मी केला. भात खाली लागला, तरी ती हसली नाही की बोलली नाही. एरवी महिनाभर पुरवून पुरवून चिडवलं असतं.

भावाला फोन करून ऐटीत सांगितलं, बघ, आईला बसवून दाखवलं.

मग फोटो एक केला. बाई आता खुर्चीच्या मागे उभी आहे. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

नीट लिहिते. क्रमाने लिहिलं तर कदाचित चूक सापडेल.

आज सव्वादहाला आई खुर्चीत बसली होती. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून तिच्याकडे बघत होते. तीस फोटो काढले. घरी येऊन उघडले. पहिल्या चार फोटोंत आई आहे. पाचव्यापासून ती विरत जाते, तिच्या आरपार खुर्चीच्या पट्ट्या दिसतात. शेवटच्या अकरा फोटोंत खुर्ची रिकामी आहे.

रिकामी! आणि मी तिथे उभी होते.

तिसांचा एक केला. त्यात आई आहे. ठसठशीत. पदराची घडीसुद्धा मोजावी इतकी स्पष्ट. त्यांच्यासारखीच. ते एकट्या फोटोंत नसतात आणि मिळून असतात, तशी.

मी तिला इतके दिवस माझ्या हाताने पुसते आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आईला घरीच ठेवलं आणि चलाचलाकडे गेले. तो थांबेना, म्हणून मीही त्याच्या बरोबरीने चौकात गोल फिरत राहिले. आधी माफी मागितली. त्याला राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या आधीच्या पहारेकऱ्याने त्याला हा नियम दिला, की चौकात पाचएक मिनिटांवर कोणाला एका जागी राहू द्यायचं नाही. का, ते त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही आधी हसण्यावारी नेलं. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची. एकदा तिला ताप होता, उन्हातून आली म्हणून तो म्हणाला, बस इथेच सावलीत, संध्याकाळी बरोबरच जाऊ. मग सवयच लागली, रोजच बसायची. महिनाभराने लोक त्याला विचारायला लागले की तुमच्या घरच्या दिसत नाहीत हल्ली. ती तर समोर बसलेली असायची. मग एक दिवस त्यालाही दिसली नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

साहेबांना का नाही सांगितलंत, म्हणून मी ओरडलेच. त्याने विचारलं, सांगितलं असतं तर तुम्ही तरी ऐकलं असतं का?

परत आणायचा काही उपाय? मॅडम, उपाय माहीत असता तर मी इथे फिरत राहिलो असतो का, म्हणाला. आणि पुढे गेला, कारण एक म्हातारा खांबाला टेकला होता.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आईला दिवसभर चालवलं. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. शेंगांची टोपली मांडीवर ठेवली, लोकर दिली, भांडी मुद्दाम खरकटी ठेवली. हात धरला की उठते, सोडला की स्टुलावर बसते. हात ऊबदार आहे. मी विनवलं, आई, काहीतरी कर ना, तुला सुचेल ते कर. आयुष्यभर बस बस म्हणून हिच्या मागे लागले, आणि आज उठ म्हणून पाया पडते आहे.

डॉक्टर आले. नाडी ठीक, छाती ठीक. वयाचा थकवा म्हणाले. टेबलाशी बसून औषध लिहायला लागले आणि अर्ध्यात मान वर करून विचारलं, पेशंट आत गेल्या का?

ती त्यांच्यासमोर होती. दोन हातांवर.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बाहेरून कुलूप लावून गेले. शिंप्याला लक्ष ठेवायला सांगितलं, तर तो म्हणाला, कोणावर? आई तर तुमच्या भावाकडे परत गेल्या ना?

चौकात तीस फोटो काढले. खुर्ची तिसांतही रिकामी. तिथेच जमिनीवर बसून कॉम्प्युटर उघडला आणि एक केला.

आई खुर्चीत आहे. घरी कुलपात आहे आणि इथे खुर्चीत आहे. भोवती ते सगळे, मी मोजले नाहीत. कोणाच्या चेहऱ्यावर वाईट काही नाही. गर्दीत बसायला जागा मिळालेल्या माणसांसारखे दिसतात.

सगळे फोटो नष्ट केले. सतराच्या सतरा दिवसांचं काम, मूळचे, एक केलेले, सगळे. खुर्ची दरीत ढकलून दिली. चलाचला बघत होता, त्याने अडवलं नाही. नुसती मान हलवली.

घरी धावत आले. स्टूल रिकामं वाटलं. मग दिसली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

फोटो नष्ट करून काही झालं नाही. साहेबांचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

भावाने फोन केला. आईला दे म्हणाला. तिच्या कानाला लावला. तिचे ओठ हलले, मी पाहिलं. भाऊ पलीकडून हॅलो हॅलोच करत राहिला. मग मला म्हणाला की तुझं काहीतरी बिनसलं आहे, मी रविवारी येतो.

मला रडू आलं. लहानपणी काही हरवलं की आई शोधून द्यायची. ते सारखं आठवतं आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आपण चालत असताना ती दिसत नाही. आज कळलं.

चहा ठेवत होते. वळून पाहिलं तर स्टूल रिकामं. जिन्यात, मोरीत, कॉटखाली, सगळीकडे पाहिलं. हाका मारल्या. शिंपी वर आला, मी त्याला घालवून दिलं. मग जमिनीवर बसले ती उठवेना. नुसती स्टुलाकडे बघत. किती वेळ ते —

हळूहळू दिसली. आधी पदर. मग हात. मग सगळी.

उठले, की गेली.

म्हणजे आपली नजरही त्या एकट्या फोटोसारखीच. झटकन बघितलं तर नाही. न हलता पाच मिनिटं बघितलं तर आहे. चलाचला फिरत का राहतो ते कळलं आज. थांबला तर त्याला त्याची बायको —

तो एकोणीस वर्षं थांबला नाही. मी एक दिवसही तिला न बघता राहू शकत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

भाऊ आला. दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या. आई कुठे आहे, काय केलंस तिचं. मला खांदे धरून हलवलं.

त्याला सांगितलं, पाच मिनिटं बस. माझ्याशेजारी. न हलता. फक्त पाच मिनिटं. समोर बघ.

तो बसेना. येरझाऱ्या घालत राहिला, फोन करत राहिला, रडत राहिला. आई त्याच्या वाटेतच होती. दर फेरीला तो तिच्या —

पोलिसांत गेला आहे.

पाच मिनिटं रे. आईसाठी कधी पाच मिनिटं बसला असतास तर. पण मी तरी कधी तिच्यासाठी उठले होते? तिला बसवलं, आणि मी कॅमेऱ्यामागे.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून तिच्यासमोर आहे. आता पाच मिनिटं लागत नाहीत. लवकर दिसते.

तिच्यामागे ते पण दिसतात. खोली लहान आहे, तरी मावतात. काल खिडकीपर्यंत होते. आज माझ्या डाव्या हाताला कोणीतरी — बघत नाही. बघायला मान हलवावी लागेल.

आईचा हात हलतो आहे. फार सावकाश. सकाळी मांडीवर होता. नंतर गुडघ्याच्या वर. आता छातीशी, पंजा माझ्याकडे. ओळखीचा आहे हा हात. चुलीपाशी गेले की असाच करायची. हो बाजूला, भाजेल. ऊठ. जा.

ती मला जा म्हणते आहे. सकाळपासून एवढंच म्हणते आहे, सगळा जीव गोळा करून.

नाही गं आई. मी उठले तर तू —

पाय कळत नाहीत आता. खाली भावाचा आवाज येतो आहे. दार वाजवताहेत. उघडायला हवं. उठता येईल अजून, वाटतं. आत्ता उठले तर.

लिहायला हात हलवला की ती फिकट होते. एवढ्या ओळींत चारदा गेली. चारदा! पुन्हा नको. हे एवढं वाक्य पुरं करते आणि पेन खाली ठेवते, म्हणजे मग ती —